समज मिळणेबाबत

दीपमालानं पाइपावर तळहात टेकवला आणि मागच्यांना गप्प राहायची खूण केली. भिंतीच्या कडेनं गेलेला तो पाइप आतून थरथरत होता. पाणी नुसतं वाहत असलं तर पाइप गार लागतो, पण हलत नाही. मोटार ओढत असली की त्याला हुडहुडी भरते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नळाशी घागर लावून बसलेल्या कुठल्याही बाईला ते आपोआप कळतं.

“लावलेली हाय,” ती म्हणाली.

सुकन्यानं पुढं होऊन आपलाही हात लावून पाहिला. ती खालच्या गल्लीची पंचायत सदस्य. तिच्या गल्लीतले नळ पाण्याच्या दिवशी नुसते घोरायचे. थोडी हवा, थोडा गाळ आणि शेवटी जेमतेम कळशीभर पाणी. हिंगणवाडीत चार दिवसांआड पाणी सुटे, आणि वरच्या आळीतल्या घरांनी नळालाच मोटारी जोडल्यामुळं सगळं पाणी तिकडंच ओढलं जाई. दीपमाला सरपंच झाली ती याच एका गोष्टीवर. ‘नळाला मोटार दिसली की जप्त, कुणाची का असेना,’ असं तिनं प्रचारात गल्लोगल्ली सांगितलं होतं. ‘कुणाची का असेना’ म्हणताना तिचा आवाज चढायचा आणि बायका टाळ्या वाजवायच्या. तिला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोला.

हे घर दयानंदचं होतं. विरोधी पॅनल त्यानंच उभं केलं होतं, आणि प्रचारात दीपमालाला ‘सासऱ्याची सही’ असं नाव त्यानंच ठेवलं होतं. तो बायकापोरांसह लातूरला राहायचा, गावात यायचा तो राजकारणापुरता. घरी त्याची आई केवळाबाई एकटीच असे. दार उघडून ती बाहेर आली तेव्हा अंगणात सरपंच, सुकन्या, ग्रामसेवक आणि पंचायतीचा शिपाई एवढी माणसं पाहून तिला वाटलं, कसली तरी पाहणी असेल.

“या की. चहा ठिवू का?” ती म्हणाली.

शिपायानं न्हाणीमागची छोटी मोटार सोडवली आणि खांद्यावर टाकली. केवळाबाई बघत राहिली. मोटार दुरुस्तीला चालली की काय, असं तिनं विचारलं. जप्त केली, असं शिपायानं सांगितलं. दीपमालानं मोटारीशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि घराबाहेर पडायच्या आतच तो गावाच्या ग्रुपवर गेला. अंगठे, फुलं, टाळ्या धडाधड यायला लागल्या. तिला खरोखर बरं वाटलं. गावाचा कारभार असाच करायचा असतो, असं मनात येऊन ती ताठ चालायला लागली.

पुढचंच घर शिवशंकरअप्पांचं. अप्पा उपसरपंच, दीपमालाच्याच पॅनलचे. तिथं पाइपाला हात लावायचीही गरज नव्हती. मोटारीचा घुमारा रस्त्यावर ऐकू येत होता. गोठ्यापुढची सिमेंटची टाकी भरून वाहत होती आणि अप्पांचा प्रदर्शनात बक्षीस मिळवलेला देवणी वळू त्या वाहत्या पाण्यात पाय देऊन उभा होता.

“या या, सरपंचबाई,” अप्पा बाजेवरून उठले. “बसा. उन्हाचं हिंडून राहिलाव.”

शिपायानं खांद्यावरची मोटार खाली ठेवली नाही, की पुढंही झाला नाही. तो दीपमालाच्या तोंडाकडं पाहत राहिला. सगळेच पाहत होते.

पुढच्या शुक्रवारी मासिक सभा होती. खालच्या गल्लीला टाकीपासून स्वतंत्र लाइन टाकायचा ठराव त्या सभेत यायचा होता. वेगळी लाइन आली की वरच्यांनी मोटार लावली काय न लावली काय, खालच्यांचं पाणी त्यांना मिळणारच. ठरावाला पाच हात होते आणि विरोधात चार, आणि पाचवा हात अप्पांचा होता. दीपमालानं सुकन्याकडं पाहिलं. सुकन्या गोठ्याकडं बघत होती.

ग्रामसेवक यज्ञेश नांदेडचा. आठवड्यातून तीन दिवस मोटारसायकलवर येई, कुणाशी भांडत नसे आणि मराठी इतकं नेटकं लिही की तालुक्याला त्याचे ठराव नमुना म्हणून दाखवत. तो दीपमालाच्या कानाशी हळू आवाजात म्हणाला,

“मॅडम, पहिल्या वेळेला समज देता येते. तशी तरतूद आहे.”

“अप्पा,” दीपमाला म्हणाली, “पुन्हा लावू नका.”

“बरं बरं,” अप्पा म्हणाले. “चहा?”

त्यांनी चहा घेतला. तोवर मोटार चालूच होती. बाहेर आल्यावर यज्ञेशनं दोन्ही घरांचं लिहून टाकलं. केवळाबाईंच्या नावापुढं ‘मोटार जप्त करण्यात आली’, अप्पांच्या नावापुढं ‘समज देण्यात आली’.

“बरं केलंत,” रस्त्यानं चालताना सुकन्या म्हणाली. “आधी लाइन होऊ द्या.”

दीपमालानं मान हलवली. सुकन्याच म्हणतेय म्हटल्यावर तिचं ओझं निम्मं उतरलं. उरलेलं निम्मं मात्र घरापर्यंत आलं.

संध्याकाळी सासरे शेषेराव टीव्हीपुढं बसले होते. त्यांनी एकेकाळी पंचायत समिती गाजवलेली. आता गुडघ्यांमुळं घरातच असत आणि सगळ्या जगाचा कारभार तिथून पाहत. पडद्यावर कुठल्याशा युद्धाची चर्चा चालली होती. एका देशानं शेजाऱ्याच्या गावांवर बॉम्ब टाकले तेव्हा बड्या देशानं त्याचा व्यापार तोडला होता, बँकेतले पैसे गोठवले होते. दुसऱ्या देशानं तेच केलं, तर बड्या देशानं ‘चिंता व्यक्त केली’ होती. तो दुसरा देश त्याच्या दोस्तीतला होता.

“बग!” शेषेराव कडाडले. “ह्याला एक न्याय अन् त्याला एक. लाजा न्हाईत ह्यांना. सारं जग बघून राहिलंय अन् हे खुशाल चिंता करून राहिलेत!”

दीपमाला कणीक मळत होती. हात न थांबवता तिनं विचारलं,

“मामा, शिवशंकरअप्पांचं काय करावं?”

“काय करायचं? केलीस की तू. समज दिलीस.”

“अन् केवळामावशीची मोटार आणली.”

“ते दयानंदचं घर हाय.”

“व्हय. पण मग तुमी आता टीव्हीला काय मनलाव?”

शेषेरावांनी रिमोट उचलून आवाज कमी केला. ते रागावले नव्हते. एखाद्या हुशार विद्यार्थ्यानं भलतंच विचारावं तसं त्यांना झालं होतं.

“ती देशादेशांची गोष्ट हाय, पोरी,” ते म्हणाले. “आपल्याला हितं गाव चालवायचं हाय.” आणि त्यांनी आवाज पुन्हा मोठा केला.

दुसऱ्या दिवशी केवळाबाई पंचायतीत आली. डोक्यावरून पदर, हातात कापड दुकानातली पिशवी. दारातच चप्पल काढून तिनं आत डोकावलं. तिची मोटार टेबलाखाली, झेंड्याच्या पेटीला टेकून ठेवलेली होती. तिच्याकडं तिनं एकदा पाहिलं आणि खुर्चीच्या कडेवर बसली.

“मावशी, मोटारीचं म्हणत असाल तर...” दीपमालानं सुरुवात केली.

“मोटारीचं न्हाई,” केवळाबाई म्हणाली. “ते समजीचं इच्यारायला आले मी.”

“कसलं?”

“समज. शिवशंकरअप्पाला काल तुमी समज दिलीत मनं. शिपाई सांगत हुता. मला बी पाहिजे.” तिनं पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडला. आधारची झेरॉक्स, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँकेच्या पुस्तकाचं पहिलं पान आणि पासपोर्ट आकाराचे दोन फोटो. “उत्पन्नाचा दाखला न्हाई मिळाला. तलाठी सुट्टीवर हाय. आला की आणून देते.”

यज्ञेश लिहीत होता. त्याची मान वर झाली नाही, पण पेन थांबलं.

आता हसायचं की काय करायचं, हे दीपमालाला कळेना. तिनं केवळाबाईच्या तोंडाकडं नीट पाहिलं. म्हातारी टोमणा मारतेय का? दयानंदनं लातूरहून फोनवर पढवून पाठवलीय का? पण त्या तोंडावर काहीच सापडत नव्हतं. गॅस आला, घरकुल आलं, म्हातारपणाचा पगार सुरू झाला, त्या प्रत्येक वेळी याच कागदांची थप्पी घेऊन ती याच खुर्चीच्या कडेवर बसली होती. सरकार देतं म्हटलं की कागद लागतात, एवढं तिला पाठ होतं. आणि दिली म्हणजे ती वस्तूच असणार.

“अर्ज लिवायचा असंल तर भाऊसायब लिवून देतेत की,” केवळाबाई यज्ञेशकडं वळली. “माझा अंगठा चालतोय न्हवं?”

यज्ञेशला नाही म्हणवेना. सवयीनं त्यानं कोरा कागद पुढं ओढला आणि वर लिहिलं, ‘विषय: समज मिळणेबाबत.’ मग ते वाचून त्याचे कान लाल झाले. कागद उलटा करून त्यानं त्यावर पेपरवेट ठेवला.

“मावशी,” दीपमाला म्हणाली, “समज म्हणजे तसं काही नसतं. समज म्हणजे नुसतं सांगायचं असतं.”

“काय सांगायचं?”

“की, पुन्हा असं करू नका.”

“अप्पाला एवढंच सांगितलंत?”

“हाव.”

“अन् तेची मोटार?”

“तिथंच हाय.”

केवळाबाईनं टेबलावरचे कागद एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या. फोटो आधारच्या घडीत सरकवले. मग म्हणाली,

“मग मला कामून न्हाई सांगितलं, माय? मी ऐकलं असतं की.”

खोलीत पंखा फिरत होता. दीपमालाला एकदम रडू आलं आणि तिनं ते पाण्याचा ग्लास तोंडाला लावून परतवलं. दयानंदला द्यायची उत्तरं तिला पाठ होती. तो ओरडला असता तर तीही ओरडली असती, आणि तिचा आवाज त्याच्याहून मोठा होता. पण ह्या बाईनं भांडणच आणलं नव्हतं. तिचं घर उंचवट्यावर होतं, मोटारीशिवाय नळाला करंगळीएवढीही धार येत नव्हती, तरी ती म्हणत होती, ऐकलं असतं. आणि ते खरं होतं, हे दीपमालाला मनोमन ठाऊक होतं.

“भाऊसाहेब, मावशींची मोटार परत द्या,” ती म्हणाली.

“जप्तीचं काय लिहू मॅडम?”

“लिहा, समज दिली.” मग ती केवळाबाईकडं वळली. तोंडातून शब्द बाहेर काढायला तिला कष्ट पडले. “मावशी, पुन्हा मोटार लावू नका.”

“न्हाई लावत,” केवळाबाई लगेच म्हणाली. आणि समाधानानं उठली.

त्या संध्याकाळी दयानंदचा फोन आला. मोटार परत दिली म्हणून तो आभार मानेल, असं दीपमालाला वाटलं होतं. तो भडकलेला होता. कुणाला विचारून परत दिली, म्हणाला. म्हातारीला काय कळतं, म्हणाला. पंचायतीत येणाराजाणारा प्रत्येक जण टेबलाखालची ती मोटार बघत होता, आणि पुढच्या निवडणुकीपर्यंत ती तिथंच राहिली असती तर पक्षपाताचा पुरावा म्हणून त्याला हवीच होती. दीपमालानं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दयानंद वेडा नव्हता. त्याच्या जागी मामा असते तर मामांनीही हेच केलं असतं.

पाण्याचा पुढचा दिवस गुरुवारी आला. सभा दुसऱ्या दिवशीच होती, म्हणून यज्ञेश कागदपत्रांच्या तयारीत होता आणि शिपाई सभेची सूचना घरोघर देत हिंडत होता. दीपमाला आणि सुकन्या दोघीच वरच्या आळीला निघाल्या. सुकन्या सकाळपासून खुशीत होती. तिच्या गल्लीतल्या बायकांनी नारळ आणून ठेवला होता. लाइन कुठून वळवायची, कुणाच्या दारात नळ घ्यायचा, यावरून आत्ताच भांडणं लागली होती आणि ती हसत हसत सांगत होती.

“माझी सासू मनतीया, नळ चुलीपाशीच घे. मी मनलं, आदी येऊ तर दे.”

केवळाबाईच्या अंगणात दोघी थांबल्या. म्हातारी नळाशी पाटावर बसली होती. तोटीखाली घागर होती आणि तिच्यात सुतासारखी धार पडत होती, मधेच तुटत होती, पुन्हा लागत होती. घागरीचा तळही अजून झाकला नव्हता. मोटार पोत्यात बांधून बाजेखाली सरकवलेली दिसत होती.

“या,” केवळाबाई म्हणाली. तिच्या तोंडावर वर्गात पहिल्या आलेल्या पोरीचा आनंद होता. “बगा, ऐकून राहिले मी.”

“हाव मावशी.”

“अप्पाला बी तुमी तेच सांगितलंय न्हवं? मग तेनी बी ऐकूनच राहिले असतील.”

भिंतीपलीकडून मोटारीचा घुमारा येत होता. तिथं टाकी वाहिल्याचा आवाजही येत होता. केवळाबाईला कमी ऐकू येतं, की तिला सगळं ऐकू येतं, हे दीपमालाला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही कधी कळलं नाही. दीपमाला तशीच वळली आणि शेजारच्या फाटकातून आत गेली. सुकन्या तिच्यामागं धावली.

“सरपंचबाई, आज नको,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “सभा होऊ द्या. परवा या, मीच येते संगट.”

परवा पाणी नव्हतं, आणि परवाही कसली तरी सभा असणारच होती. दीपमाला गोठ्याकडं चालत राहिली. अप्पा बाजेवर पेपर वाचत होते.

“या या,” ते म्हणाले. “चहा टाक गं,” असं त्यांनी आत ओरडून सांगितलं.

“अप्पा, मोटार बंद करा.”

“करतो की. टाकी भरली की करतो.”

“टाकी वाहून राहिलीय.”

अप्पांनी पेपर खाली ठेवला. चष्मा काढून पुसला. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट काळजीच होती.

“पोरी, उद्या सभा हाय न्हवं? खालच्यांच्या लाइनची?”

“हाय.”

“मग?”

“मग या तुम्ही सभेला,” दीपमाला म्हणाली. बोलता बोलता ती खांबाकडं निघाली. “हात वर करायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मोटार मी घेऊन चाललेय.”

तिनं खांबावरचं बटण दाबलं. घुमारा थांबला. इतकी शांतता झाली की वळूनं मान वर करून पाहिलं. अप्पा उठले नाहीत. त्यांनी पेपर पुन्हा हातात घेतला आणि तोंडासमोर धरला. बस, एवढंच. आतून चहा घेऊन आलेली सून दारातच थबकली.

दीपमालानं खाली बसून पाइपाची पकड सोडवायचा प्रयत्न केला. ती गच्च बसली होती. तिचा हात घसरला, बोटं खरचटली. शेवटी एकदाची पकड निघाली आणि पाइपातलं उरलेलं पाणी तिच्या पायांवर सांडलं. मोटार मोठी होती, घरच्या नळाची नव्हे, शेतातल्या हौदावरची असावी. तिनं दोन्ही हातांनी उचलून पाहिली. एक बाजू जेमतेम वर आली.

भिंतीपलीकडून केवळाबाईचा आवाज आला, “आलं गं बाई, आलं! धार मोठी झाली बगा!”

सुकन्या अजून फाटकाशीच उभी होती. तिच्या तोंडावरची सकाळची खुशी पार उतरली होती. तिनं अप्पांच्या पेपराकडं पाहिलं, मग दीपमालाकडं पाहिलं.

“सरपंचबाई,” ती म्हणाली, “लाइन गेली आमची.”

माफी मागावी असं दीपमालाच्या मनात आलं, पण कशाची मागायची, आणि आजची की मागच्या खेपेची, हे तिला ठरवता आलं नाही. ती मोटारीशेजारी तशीच वाकून राहिली.

सुकन्या आत आली. तिनं पदर कमरेला खोचला, चपला बाजूला काढल्या आणि मोटारीच्या दुसऱ्या बाजूला बसली.

“एकटीला झेपायची न्हाई ती,” ती म्हणाली. “धरा तिकडून.”